मालकाचा अनुभव आणि कारखान्याचा आकडा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीच्या काठी बुलहेड सिटी नावाचे एक शहर आहे. तेथील डेव्हिस धरणाच्या परिसरातून निघणारा एक राज्यमार्ग उजाड, तापलेल्या डोंगरातून चढत युनियन पास या खिंडीपर्यंत जातो. अंतर सुमारे १८ किलोमीटर. चढ सरासरी ५ टक्के. म्हणजे खिंड गाठेपर्यंत वाहन सुमारे ९०० मीटर वर आलेले असते. खोपोलीहून लोणावळ्याला नेणाऱ्या बोरघाटाची चढण ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तिची दीडपट कल्पावी आणि वर वैशाखातील विदर्भाचे ऊन घालावे, म्हणजे या रस्त्याचे रूप ध्यानी येईल. प्रवाशांच्या दृष्टीने त्यात पाहण्याजोगे फारसे काही नाही. मोटार उद्योगात मात्र त्याला कसोटीच्या दगडाचा मान आहे. एखादा पिकअप ट्रक आपल्या मागे किती वजनाचा ट्रेलर ओढू शकतो, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अमेरिकेत जे प्रमाण-नियम मान्य झाले आहेत, त्यांतील सर्वांत खडतर परीक्षा याच चढावर बेतलेली आहे.

मालवाहू गाड्यांच्या ओढीचे आणि टिकाऊपणाचे हे परदेशी प्रकरण मराठी वाचकासमोर मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रयोजन एवढेच की, वस्तू बनविणाऱ्याचा शब्द आणि वस्तू वापरणाऱ्याचा अनुभव यांत अंतर पडले, तर समाजाने कोणाचे ऐकावे, आणि ऐकण्यासाठी कोणती व्यवस्था उभारावी, हा प्रश्न सर्व देशांना सारखाच लागू आहे. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या निमित्ताने त्याची उत्तरे शोधण्याचा जो प्रदीर्घ खटाटोप झाला, त्यात यश आहे, अपयश आहे आणि दोहोंतून घेण्याजोगा धडाही आहे.

पिकअप ट्रक हा मूळचा शेतकऱ्याचा व कारागिराचा सोबती. फोर्ड कंपनीने आपल्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीला मागे उघडा हौदा बसवून १९२५ मध्ये ती २८१ डॉलरला विकावयास काढली. तत्पूर्वी लोक मोटारीचा मागचा भाग कापून गावच्या सुताराकडून तसा हौदा करून घेत असत. कारखान्याने लोकांचीच युक्ती उचलली, असे म्हणावयास हरकत नाही. १९४८ मध्ये याच कंपनीची ‘एफ’ मालिका आली आणि १९७७ पासून ती अमेरिकेत सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आलेली आहे. अलीकडच्या वर्षांत या एका मालिकेची विक्री वर्षाला सात लाखांच्या घरात वा त्याहून अधिक असते. गवत, पिंपे आणि कुंपणाचे खांब वाहणारी ही गाडी दरम्यानच्या काळात कुटुंबाची गाडी झाली, प्रतिष्ठेची गाडी झाली आणि पूर्ण आकाराच्या गाडीची किंमत पन्नास हजार डॉलरांच्या पुढे सहज जाऊ लागली. घराच्या खालोखाल मोठी अशी ही खरेदी अनेक कुटुंबे कर्ज काढून करतात. म्हणूनच ती गाडी सांगितले तेवढे ओढील काय, आणि सांगितली तितकी वर्षे चालेल काय, हे दोन प्रश्न तेथील सामान्य माणसाच्या दृष्टीने केवळ हौसेचे उरलेले नाहीत.

यांपैकी पहिला प्रश्न ओढीचा. नाव, घोडे, गुरे, बांधकामाचे यंत्र किंवा चाकांवरचे छोटे घर मागे जोडून शेकडो मैल जाण्याची तेथे रीत आहे. साहजिकच ‘आमची गाडी इतके पौंड ओढते’ हा आकडा जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जाऊ लागला. परंतु तो आकडा काढावयाचा कसा, याचा समान नियम बराच काळ नव्हता. प्रत्येक कंपनी आपल्या परीने मोजी, आणि शेजारची कंपनी दोनशे पौंडांनी पुढे गेली की पुढील वर्षी स्वतःचा आकडा तीनशेने वाढवी. यंत्रात फारसा बदल न करताही क्षमता वाढू शकते, हा चमत्कार या स्पर्धेने घडविला. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडेही एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. कोणी खोटे बोलत होते असे नव्हे; माप ज्याचे त्याचे होते. आणि ज्याचे माप त्याचा फायदा, हा बाजाराचा जुनाच न्याय आहे.

हा गोंधळ मिटविण्यासाठी वाहन-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात डेव्हिस धरणाच्या चढाची परीक्षा आहे: बाहेरचे तापमान किमान ३८ अंश सेल्सिअस, गाडीतील वातानुकूलन यंत्रणा पूर्ण चालू, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि तरीही सामान्य पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये, एखादा भाग निकामी होता कामा नये, धोक्याचा दिवा लागता कामा नये. त्याखेरीज १२ टक्के चढावर थांबलेली गाडी ट्रेलरसह पुन्हा पुन्हा हलविता आली पाहिजे, सपाटीवर तिने ठरावीक वेळात वेग घेतला पाहिजे, आणि वळताना व थांबताना ती ताब्यात राहिली पाहिजे. चालक व त्याच्या शेजारचा प्रवासी यांचे प्रत्येकी ६८ किलो वजनही हिशेबात धरले पाहिजे. एकंदरीत नियम न्याय्य होता आणि तो ठरविणाऱ्यांत कंपन्यांचेच अभियंते होते.

परंतु पुढे जे घडले ते उद्बोधक आहे. टोयोटा कंपनीने २०११ च्या आपल्या टुंड्रा गाडीसाठी हे प्रमाण स्वीकारले. तिचे आकडे काही शे पौंडांनी उतरले. तीन मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी मात्र ते सर्वत्र लागू करण्यास जवळजवळ २०१५ पर्यंतचा काळ घेतला. कारण उघड होते. स्वतःचा आकडा आधी उतरवायचा आणि प्रतिस्पर्ध्याचा फुगलेला आकडा बाजारात तसाच राहू द्यायचा, ही जोखीम कोणी घ्यावी? सर्वांना मान्य असलेले सत्य केवळ ‘आधी तुम्ही’ या संकोचापायी सात वर्षे कागदावर पडून राहिले. ज्या काळात हा संकोच चालू होता, त्या काळात गाड्या विकल्या जात होत्या, ट्रेलर जोडले जात होते आणि घाट चढले जात होते. स्वेच्छेने पाळावयाच्या नियमांचे बळ किती असते, याचे याहून सौम्य आणि याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तथापि समान माप आले म्हणून मालकाचे सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. जाहिरातीतील आकडा हा सर्वांत अनुकूल जुळणीच्या गाडीचा असतो. प्रत्यक्ष विकत घेतलेल्या गाडीला भारी आसने, मोठी चाके, उघडणारे छप्पर अशी लेणी चढविलेली असतात आणि त्या प्रत्येकाचे वजन गाडीच्या वाहण्याच्या क्षमतेतून वजा होते. एक साधा हिशेब पाहावा. समजा, गाडी ४,५०० किलोचा ट्रेलर ओढू शकते असे छापले आहे, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत माणसे व सामान मिळून ७०० किलोंहून अधिक भार नको, असे म्हटले आहे. मालकाने समजूतदारपणे ४,००० किलोंचाच ट्रेलर घेतला. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडदांड्यावाटे गाडीच्या पाठीवर येतो, येणे आवश्यकही असते. तो १२ टक्के धरला तर ४८० किलो झाले. जोडणीचे लोखंड ४० किलो. उरले १८० किलो. आता नवरा, बायको आणि दोन मोठी मुले गाडीत बसली की सरासरी ७० किलोंप्रमाणे २८० किलो होतात. म्हणजे एकही पिशवी न ठेवता गाडी शंभर किलोंनी अतिभारित झाली. आणि ट्रेलर तर जाहिरातीतील मर्यादेच्या पुष्कळच आत आहे! मोठा आकडा भिंतीएवढ्या फलकावर, आणि खरा लगाम घालणारा आकडा दाराआडच्या पट्टीवर, अशी ही वाटणी आहे.

जोडदांड्यावरील भाराचे हे शास्त्र बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला नवे वाटणार नाही. भार मागे अधिक पडला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे अधिक पडला तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही तसेच. भार मागे सरकला की भर वेगात ट्रेलर सापाच्या शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झोकांड्या घेऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच फरफटत नेतो. भार पुढे सरकला की गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड सुटते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून ढिला पडतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवावी लागते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या ज्ञानाची जागा जाहिरातीतील एका आकड्याने घेतली, तेव्हा आकडा वाढला आणि शहाणपण कमी झाले.

विजेवर चालणाऱ्या पिकअपच्या बाबतीत तर मालकांच्या अनुभवाने आणखी एक बाब उजेडात आणली. २०२२ मध्ये विक्रीस आलेली फोर्डची विद्युत पिकअप आणि तिच्यासारख्या इतर गाड्या जड ट्रेलर सहज हलवितात, कारण विद्युत मोटारीचा पहिला जोरच मोठा असतो. परंतु उंच, चौकोनी ट्रेलर जोडून महामार्गावर निघालेल्यांना असे आढळले की, एका भरणात होणारे अंतर निम्म्यावर येते. पेट्रोल वा डिझेलच्या गाडीचेही इंधन अशा वेळी जवळजवळ दुप्पट जळते. मात्र पंप जागोजाग असतात आणि टाकी पाच मिनिटांत भरते. ‘किती ओढते’ या प्रश्नाचे उत्तर कंपनीने प्रामाणिकपणे दिले असेल. ‘किती दूर ओढते’ हा प्रश्न मालकाला रस्त्यावर सुचला. दुरून डोंगर साजरे दिसतात. चढताना त्यांची उंची कळते.

दुसरा प्रश्न भरवशाचा. गाडी नवी असताना सर्वच गाड्या चांगल्या असतात. पाच वर्षांनी तिचे काय होते, हे कारखान्याच्या परीक्षणशाळेत पूर्णपणे कळू शकत नाही. ते मालकालाच कळते. टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपचे उदाहरण घ्यावे. ही गाडी टिकाऊपणासाठी नावाजलेली. परंतु २००५ ते २०१० या काळातील गाड्यांच्या सांगाड्याला, विशेषतः हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या राज्यांत, गंज चढून भोके पडू लागल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी टॅकोमा आणि त्याच कंपनीच्या आणखी दोन गाड्या मिळून सुमारे १५ लाख वाहनांबाबत सामुदायिक दाव्यात तडजोड झाली व २०१७ मध्ये तिला न्यायालयाची मान्यता मिळाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. सांगाडे तपासण्याचे आणि आवश्यक तेथे बदलून देण्याचे मात्र मान्य केले. पुढे २०२४ च्या मे महिन्यात याच कंपनीला टुंड्रा व तिच्या जोडीच्या एका महागड्या गाडीची मिळून सुमारे एक लाख वाहने परत बोलवावी लागली. घडणीच्या वेळचे धातूचे कण इंजिनात राहून गेल्याचे कारण होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर क्षमतेच्या आठ सिलिंडरी इंजिनाच्या, अमेरिकेतील सुमारे सहा लाख पिकअप व मोठ्या मोटारी परत बोलाविल्या. भर रस्त्यात इंजिन बंद पडल्याच्या मालकांच्या तक्रारींवरून सरकारी यंत्रणेने त्याच वर्षी जानेवारीत चौकशी उघडली होती.

ही सरकारी यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १९७० मध्ये ही यंत्रणा उभी राहिली. कोणताही मालक तिच्याकडे तक्रार नोंदवू शकतो, आणि महत्त्वाचे म्हणजे ती तक्रार, मालकाची ओळख वगळून, कोणालाही वाचता येते. एका गावातील माणसाचे इंजिन बंद पडले तर ते त्याचे दुर्दैव. चाळीस गावांतील चाळीस माणसांचे त्याच किलोमीटरांच्या आसपास बंद पडले तर तो पुरावा. दुर्दैवाचे पुराव्यात रूपांतर करणारी ही नोंदवही, हीच त्या व्यवस्थेची खरी शक्ती आहे.

मात्र मालकाचा अनुभव म्हणजे वेदवाक्य, असे मानणेही चुकीचे ठरेल. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण भात एकाच भांड्यात एकाच आंचेवर शिजलेला असतो, गाड्या तशा नसतात. एकाची गाडी आठवड्यातून एकदा बाजारात जाते, दुसऱ्याची रोज तीन टन ओढते. दोघांनीही ‘गाडी उत्तम’ वा ‘गाडी टाकाऊ’ असे म्हटले तर ते एकाच गाडीविषयी बोलत नाहीत. ज्याची गाडी बिघडली तो तक्रार लिहितो. ज्याची चालते तो गप्प बसतो. उलट ज्याने आयुष्याची पुंजी घातली, तो तिचे दोष झाकतो, कारण दोष मान्य करणे म्हणजे आपली निवड चुकली हे मान्य करणे. आपला तो बाब्या, ही वृत्ती माणसांपुरती मर्यादित नाही. त्यात भर म्हणजे स्वतः तेल न बदलता, मर्यादेबाहेर भार लादून, मग इंजिनाला नावे ठेवणारे मालकही काही थोडे नाहीत.

म्हणून अनुभव मोजावा लागतो, केवळ ऐकून भागत नाही. १९३६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील ग्राहक संघटना ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ हे नियतकालिक चालविते. त्यात जाहिरात घेतली जात नाही. ही संघटना दरवर्षी आपल्या सभासदांना प्रश्नावली पाठवून इंजिन, गिअर, ब्रेक, विद्युत जोडणी असे भाग पाडून बिघाडांची नोंद मागविते. अलीकडच्या वर्षांत अशी माहिती तीन लाखांहून अधिक वाहनांबद्दल गोळा होते. ‘गाडी आवडते का?’ आणि ‘गेल्या बारा महिन्यांत काय बिघडले?’ हे दोन प्रश्न ती वेगळे ठेवते. अनेक पिकअप गाड्या पहिल्या प्रश्नाला उत्तम गुण मिळवितात आणि दुसऱ्यात मागे पडतात. प्रेम आणि भरवसा या दोन वस्तू एक नव्हेत, हे संसारातील सत्य तक्त्यांच्या रूपाने असे सिद्ध झाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील निबंध परिचित असेल. त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. अमेरिकी बोलीत सदोष गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू बांधतात. तेथे गाडीच लिंबू निघते. अकरलॉफ यांचा मुद्दा असा की, विकणाऱ्याला गाडी ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा सावधगिरीने किंमत पाडतो; त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो; मागे लिंबेच उरतात. म्हणजे माहिती दडविल्याने केवळ ग्राहक फसत नाही, प्रामाणिक विक्रेताही बुडतो. या निबंधानंतर बारा वर्षांनी, १९८२ मध्ये, कनेटिकट राज्याने पहिला ‘लिंबू कायदा’ केला: नव्या गाडीतील मोठा दोष ठरावीक प्रयत्नांतही दुरुस्त झाला नाही, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी वा पैसे परत करावेत. पुढे इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. न्याय मिळण्यासाठी मालकाने आपली गाडी किती वेळा कारखान्याच्या दुरुस्तीघरात गेली याचे कागद सांभाळले पाहिजेत, एवढी एकच अट त्याच्यावर राहिली.

आता महाराष्ट्राकडे वळावे. येथे लहान मालगाडीला सरसकट ‘टेंपो’ म्हणतात. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या तीनचाकीचे हे नाव. १९५८ मध्ये तिच्या सहकार्याने बजाज टेंपो ही कंपनी निघाली आणि नाव भाषेत रुजले. मूळ कारखाना गेला, कंपनीचेही नाव २००५ मध्ये बदलले, शब्द राहिला. त्याच २००५ मध्ये टाटांची ‘एस’ ही छोटी चारचाकी आली व ‘छोटा हत्ती’ म्हणून गावोगाव पोहोचली. महिंद्रांच्या पिकअप तर ग्रामीण भागात शेतमालाच्या वाहतुकीचा कणा झाल्या आहेत. नाशिककडची द्राक्षे व टोमॅटो, जुन्नर-नारायणगावची भाजी, कोकणातील आंबा पहाटेपूर्वी बाजारात पोहोचतो तो बहुधा याच गाड्यांच्या पाठीवरून. त्यांचा मालक हा पुष्कळदा त्यांचा चालकही असतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडे बुडते, माल नासतो, आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अमेरिकेतील मालकाची सुटी वाया जाते; येथील मालकाची चूल अडते.

अशा मालकाला कायद्याचे पाठबळ आहे काय? आहे, परंतु त्याला ते ठाऊक असतेच असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे, आणि मालगाडीच्या तक्रारीत हाच आक्षेप पहिल्याने पुढे केला जातो. परंतु केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानू नये, असा खुलासाही कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात १९९५ मध्ये त्याचा अर्थ विशद केला: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा वा मालट्रक घेणारा हा ग्राहकच होय. दहा गाड्यांचा वाहतूकदार आणि एका गाडीचा चालक-मालक यांना कायदा एका मापाने मोजत नाही. त्याखेरीज मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘११०-अ’ हे कलम आले. सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश सरकार देऊ शकते, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारींची संख्या हा एक आधार धरला जातो. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. म्हणजे नोंदविलेली प्रत्येक तक्रार मोजली जाते. न नोंदविलेली हजार गाऱ्हाणी मात्र शून्य ठरतात.

आणि खरी उणीव येथेच आहे. टेंपो-तळावर, गॅरेजच्या बाकावर, बाजार समितीच्या चहाच्या टपरीवर या गाड्यांविषयी जे ज्ञान मुखोद्गत आहे, ते कोणत्याही कागदावर उतरत नाही. कोणत्या गाडीचा क्लच कोणत्या घाटात जळतो, कोणत्या वर्षीच्या गाडीचे पाटे तुटतात, हे मिस्त्रीला तोंडपाठ असते. न्यायमंचाला मात्र त्याची एक ओळही मिळत नाही. दुरुस्तीची पावती कर वाचविण्यासाठी घेतली जात नाही, कामाचा कागद फेकून दिला जातो, आणि तीन वेळा तोच बिघाड झाल्यावरही ‘आपले नशीब’ म्हणून विषय संपविला जातो.

यात मालकांचाही दोष आहे, तो झाकून चालणार नाही. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या वजनाच्या दीडपट-दुप्पट माल भरणे हा येथे पुरुषार्थ समजला जातो. ‘गाडी किती ओढते?’ या प्रश्नाला मर्यादेचा आकडा सांगणारा चालक नवशिका ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अतिभारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तरीही मर्यादा मोडणारा मालक सांगतो की, भाड्याचे दरच असे आहेत की नियमाने भरले तर हप्ता निघत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, पुढे इंजिन वा आस निकामी झाली तर दोष घडणीचा की भाराचा, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही आणि संशयाचा फायदा कंपनीला मिळतो. ज्या मालकाने स्वतःच माप मोडले, त्याला दुसऱ्याच्या मापावर बोट ठेवण्याचा अधिकार दुबळा होतो. भाडे ठरविणारा व्यापारी आणि माल चढविणारा अडत्या या दंडातून अलिप्त राहतात, हीही त्यातील एक विसंगती आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गाडीच्या जाहिरातीत जेवढ्या अक्षरांत भारक्षमता छापली जाते, तेवढ्याच अक्षरांत ती कोणत्या अटींवर मोजली हे छापण्याची सक्ती असावी. परत-बोलावणीसाठी आलेल्या तक्रारी, नावे वगळून, सर्वांना मराठीतून वाचता याव्यात. वाहनमालकांच्या तालुका संघटनांनी केवळ दरवाढीसाठी एकत्र न येता बिघाडांची एक सामायिक नोंदवही ठेवावी. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था या राज्यात १९७५ पासून काम करीत आहे. संघटित ग्राहकाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. आणि महाविद्यालयांतील संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी जुनीच पाठ्यपुस्तकी उदाहरणे सोडवावयास देण्याऐवजी जवळच्या बाजार समितीत पाठवावे. शंभर गाड्या, प्रत्येकीचे वय, किलोमीटर, नेहमीचा भार, वर्षातील बिघाड, उभी राहिलेले दिवस, एवढी नोंद एका वर्गाला आठवडाभरात करता येईल. नमुना कसा निवडावा, तक्रारखोर आणि अभिमानी या दोहोंच्या सांगण्यातून सत्य कसे वेगळे काढावे, हे त्यातून जितके कळेल तितके फळ्यावर कळणार नाही. आणि दहा महाविद्यालयांनी पाच वर्षे हे केले तर जी नोंद तयार होईल, तिच्यासमोर कोणत्याही कंपनीला केवळ माहितीपत्रक दाखवून निसटता येणार नाही.

डेव्हिस धरणाच्या चढावर गाड्या चढविणाऱ्या अभियंत्यांनी एक तत्त्व मान्य केले होते: माप एकच असावे, ते कठीण असावे, आणि सर्वांना दिसावे. ते मान्य करूनही पाळावयास त्यांना सात वर्षे लागली, कारण तोवर पुढचे पाऊल कोणी टाकीना. येथे ते पाऊल कंपन्यांनी टाकण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहाटे तीन वाजता भाजी भरून घाट उतरणाऱ्या माणसाने त्या दिवशीचे किलोमीटर, भार आणि बिघाड एका साध्या वहीत लिहावयास घेतले, तरी कामाला सुरुवात होते. उद्या न्यायमंचापुढे उभे राहण्याची वेळ आली, तर कंपनीच्या गुळगुळीत कागदावरील आकड्याला उत्तर देण्यासाठी त्याच्या हाती तेलाचे डाग पडलेली ती वही असेल. त्या वहीला पुराव्याचा मान मिळवून देणे, हे मात्र लिहिता-वाचता येणाऱ्या समाजाचे काम आहे.